कानाला खिडकी हवी की भिंत?

मित्रमैत्रिणींनो, एक सांगा बरं. जेवणाची ताटं वाढलेली आहेत, आई स्वयंपाकघरातून तीनदा हाका मारून थकली आहे आणि चौथ्यांदा ती येते ती थेट तुमच्या कानावरचा हेडफोन उचलायलाच. असं तुमच्या घरी होतं की नाही? आमच्याकडे रोज व्हायचं! म्हणूनच मी हेडफोनबद्दल लिहायला बसले म्हटल्यावर आमचा धाकटा भाऊ म्हणाला, "तू लिहिणार? मग सगळं खरं खरं लिही हं!"

तर खरं खरंच लिहिते.

गोष्ट २०२३ सालची. माझा दहावीचा निकाल लागला होता. गुण बरे पडले होते, त्यामुळे मावशी, काका, आत्या सगळ्यांनी पाकिटं दिली होती. त्यात भाऊबीजेची साठवलेली ओवाळणी मिळवली आणि मोजले तर साडेआठ हजार रुपये! एवढे पैसे माझे म्हणून मी पहिल्यांदाच मोजत होते. त्यांचं काय करायचं ते मात्र कधीच ठरलेलं होतं. चांगला हेडफोन घ्यायचा.

माझ्याकडे हेडफोन नव्हता असं नाही. होता, पण त्याची अवस्था काय सांगू! कानावरच्या गाद्यांचं काळं रेक्झिन सोलून निघालं होतं. हेडफोन काढला की गालाला काळे कपटे चिकटलेले असायचे. वायर पिनेपाशी तुटत आलेली, तिला चिकटपट्टी गुंडाळलेली. ती वायर एका ठरावीक कोनात वाकवून धरली तरच डाव्या कानात गाणं यायचं. मी सहा वर्षं गाणं शिकत होते. मोबाइलवर तंबोरा लावायचा आणि रियाज करायचा, किंवा मोठ्या गायकांची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायची, हा माझा उद्योग. अर्ध्या कानानं तो कसा व्हायचा?

अशा वेळी सल्ला विचारायला आमच्याकडे हक्काचा माणूस आहे, तो म्हणजे मामा. नाटकात दाराची बेल वाजते, पाऊस पडतो, मध्येच पार्श्वसंगीत सुरू होतं ना? ते नेमक्या क्षणी वाजवणारा माणूस प्रेक्षागृहात मागे कोपऱ्यात बसलेला असतो. तो आमचा मामा!

मामाला मी पैशांचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "ते ठीक आहे. पण ओपन-बॅक घेणार की क्लोज्ड-बॅक?"

मी विचारलं, "म्हणजे?"

मामानं माझा जुना हेडफोन उलटसुलट करून पाहिला. "हा तसाही मेलेलाच आहे. उघडू या?"

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आला, धाकटाही येऊन बसला. आत पाणीपुरीच्या पुरीएवढी एक गोल चकती होती. तिच्यावर अगदी पातळ प्लॅस्टिकचा पडदा. पडद्याला मागून केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं आणि वेटोळ्याजवळ चुंबक. मामा सांगू लागला, "तारेतून विजेचा संदेश आला की हे वेटोळं चुंबकामुळे पुढेमागे हलतं. त्याच्याबरोबर पडदा हलतो, पडदा हवेला हलवतो आणि ती हवा तुझ्या कानाच्या पडद्याला. झालं गाणं! आता सांग, पडदा पुढे गेला की कानाकडची हवा दाबली जाते. त्याच वेळी मागच्या बाजूला काय होतं?"

"मागची हवा ओढली जाते," धाकटा म्हणाला.

"म्हणजे मागेही आवाज होतो?" मी विचारलं.

"शाब्बास! पुढे होतो तसाच मागेही होतो. पुढचा आवाज तुझ्या कानात गेला. मागच्याचं करायचं काय? हेडफोन बनवणाऱ्यांनी याची दोन उत्तरं काढली. एक, मागे भिंत बांधा. दोन, मागे खिडकी ठेवा."

भिंतवाला हेडफोन म्हणजे क्लोज्ड-बॅक. त्याची कानावरची वाटी मागून पूर्ण बंद असते. आतला आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा सहजासहजी आत येत नाही. गादी कानाभोवती घट्ट बसली की ढोलाचा दणका, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा असे खर्जातले आवाज भरदार लागतात. मात्र वाटीत कोंडलेला मागचा आवाज भिंतीवर आपटून परत फिरतो. तो शोषून घ्यायला आत कापूस, स्पंज घालतात, तरी थोडा उरतोच. बाथरूममध्ये गाताना आपण सगळेच लता मंगेशकर किंवा किशोरकुमार असतो की नाही? फरशांवरून परत फिरणाऱ्या आवाजाचीच ती करामत. बंद वाटीत त्याचाच एक छोटा भाऊ राहतो म्हणा ना!

खिडकीवाला म्हणजे ओपन-बॅक. त्याच्या वाटीला मागून जाळी असते. मागचा आवाज जाळीतून निघून जातो, आपटायला भिंतच नाही. त्यामुळे गाणं मोकळं, हवेशीर वाटतं. गायक डोक्याच्या आत नसून समोर थोडा लांब बसलाय असा भास होतो. पण खिडकी दोन्ही बाजूंनी उघडी असते बरं का! तुमचं गाणं शेजारच्याला ऐकू जातं आणि शेजारच्याचं भांडण तुम्हाला. शिवाय अगदी खालच्या खर्जाचा दणका बहुधा जरा कमी पडतो.

हे वाचता वाचता एक प्रयोग करून बघा. दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा आणि तोंड मिटून 'म्' असा सूर धरा. आवाज केवढा घुमतो! आता हात काढा आणि तोच सूर धरा. फरक कळला? आपला स्वतःचा आवाज हाडांमधूनही कानात पोचतो. कान बंद केला की त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि तो आतच घुमतो. म्हणूनच स्टुडिओत गाणारे पुष्कळ गायक हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवून ठेवतात. मग त्यांना ओपन-बॅक का देत नाहीत? कारण जाळीतून बाहेर आलेलं संगीत समोरचा मायक्रोफोन लगेच पकडेल! म्हणून गाणं ध्वनिमुद्रित करताना क्लोज्ड-बॅक आणि नंतर शांत खोलीत बसून सगळे आवाज एकमेकांशी जुळवताना पुष्कळदा ओपन-बॅक, अशी वाटणी असते.

तुम्ही म्हणाल, ही ओपन-बॅकची भानगड नवीनच दिसते. छे! १९१० साली अमेरिकेतल्या नेथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसानं आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेडफोन बनवले आणि ते अमेरिकेच्या नौदलानं घेतले. १९५८ मध्ये जॉन कॉस यांनी गाणी ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आणला. आणि १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा 'एचडी ४१४' आला, तो पहिला ओपन हेडफोन. त्याच्या पिवळ्या स्पंजाच्या गाद्या फार गाजल्या. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्या वेळी वॉकमनबरोबर पातळ पट्टीचे, स्पंजाच्या गोल गाद्यांचे हेडफोन मिळत. ते उघडेच असत! गाडीत शेजारी बसलेल्याला त्यांतून नुसतं 'छिक् छिक्' ऐकू यायचं, असं बाबा सांगतात.

तर आता निवड करायची होती. मामानं फार चांगली युक्ती काढली. त्याच्याकडे दोन्ही प्रकार होते. नाटकाच्या कामाला क्लोज्ड, घरी ऐकायला ओपन. "आठ दिवस दोन्ही घेऊन जा. वहीत लिहून काढ. मग दुकानात जाऊ," तो म्हणाला.

मी वहीत दोन रकाने आखले. एकावर लिहिलं 'भिंत', दुसऱ्यावर 'खिडकी'.

आम्ही डोंबिवलीला राहतो. घर दोन खोल्यांचं, खाली रस्ता, रस्त्यावर रिक्षा. जुलै महिना होता. आई-बाबा सकाळी लोकल गाठून मुंबईला कामाला जात, धाकटा शाळेत. माझं अकरावीचं कॉलेज अजून सुरू व्हायचं होतं. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि आजी.

पहिले दोन दिवस 'खिडकी' लावली. वहीत लिहिलं : 'आवाज सुरेख. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू येतात. कान उकडत नाहीत. पण पंखा ऐकू येतो. रिक्षा ऐकू येते. खालचा भाजीवाला ऐकू येतो. आजीचं पुटपुटणं ऐकू येतं.' रात्री धाकट्यानं तक्रार केली, "ताई, तुझ्या कानातून गाणं गळतंय. मला अभ्यास करू दे!" तेही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी 'भिंत' चढवली आणि... काय शांतता! पंखा, रिक्षा, भाजीवाला जणू कुणी दूर नेऊन ठेवला. कान थोडे घामेजले, पण डग्ग्याचा एकेक घुमारा छातीत उतरत होता. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'हाच घ्यायचा!' आणि खाली दोन रेघा ओढल्या.

चौथ्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या खोलीत पलंगावर आडवी पडून गाणं ऐकत होते. डोळे मिटलेले. अचानक गाणं थांबलं आणि कानात फोनची घंटी वाजू लागली. शेजारच्या काकूंचा फोन. त्या जवळजवळ ओरडल्याच, "अगं, दार उघड! किती वेळ बेल वाजवतेय मी! आजी हाका मारताहेत, तुला ऐकू येत नाही का?"

मी हेडफोन भिरकावला आणि धावले. आजी स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पावसाळ्यात फरशी दमट असते, त्यात मोरीपाशी पाणी सांडलेलं. चहाला उठली होती, पाय घसरला. उजवा हात तिनं पोटाशी धरला होता आणि मनगट सुजायला लागलं होतं. मला बघून म्हणाली, "आलीस का गं? मला वाटलं, तू बाहेर गेलीस."

सुमारे दहा मिनिटं ती हाका मारत होती. भिंतीपलीकडच्या काकूंना ऐकू गेल्या. मला दहा पावलांवर ऐकू आल्या नाहीत.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे. संध्याकाळी आई-बाबा आले. मला कुणी एक शब्दही बोललं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. रात्री वही उघडली. 'हाच घ्यायचा!' त्या अक्षरांकडे बघवेना. मी ते पानच फाडलं.

दुसऱ्या दिवशी आजीला भात भरवताना मी म्हटलं, "आजी, मी हेडफोन घेणारच नाही आता."

आजी हसली. "का गं? हात माझा मोडला, कान तुझे काय म्हणून कापायचे? फरशी ओली होती, दोष फरशीचा. आणि तुला ऐकू आलं नाही, हे खरंच. मग ऐकू येईल असं काहीतरी घे की!"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मला वाटत होतं, एक तर घ्यायचा नाहीतर नाही.

मग मी आणि धाकट्यानं रीतसर प्रयोगच केला. मी पलंगावर बसायचं, त्यानं स्वयंपाकघरातून नेहमीच्या आवाजात "ताई" म्हणून हाक मारायची. ऐकू आली की मी हात वर करायचा. आजी खुर्चीत बसून मोजणार. मामाला फोन केला तेव्हा त्यानं एक महत्त्वाची सूचना केली : "मोबाइलवरच्या आवाजाची घरं मोजू नका. त्याच घरावर एक हेडफोन हळू वाजतो, दुसरा मोठ्यानं. आधी दोन्ही कानाला सारखे वाटतील असे जुळवून घ्या."

तसं जुळवलं. क्लोज्ड लावून मध्यम आवाजात गाणं : दहा हाकांपैकी दोन ऐकू आल्या, त्याही गाण्यातल्या शांत जागी. ओपन लावून तेवढ्याच आवाजात : दहापैकी नऊ. मी आनंदानं टाळी वाजवणार, तेवढ्यात धाकटा म्हणाला, "आता ओपनच, पण तू नेहमी ऐकतेस तेवढा आवाज लाव." लावला. दहापैकी तीन!

आजी म्हणाली, "बघ. खिडकी उघडी ठेवलीस आणि आत वाजंत्री लावलीस, तर बाहेरचं कसं ऐकू येणार?"

मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. खिडकी असो की भिंत, झाकणारा आवाज कानाशीच असला तर हाक बिचारी काय करणार? म्हणजे माझा प्रश्न नुसता हेडफोनचा नव्हता. माझ्या बोटाचाही होता, आवाज वाढवणाऱ्या!

रविवारी मामा आजीला बघायला आला. त्याला आकडे दाखवले. त्यानं वही मिटली आणि जरा वेळानं म्हणाला, "एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. रात्री सगळं शांत झालं की माझ्या कानात बारीक शिट्टी वाजते. बंदच होत नाही. वीस वर्षं मोठ्या आवाजात काम केलं, त्याची ती भेट."

मग त्यानं समजावलं. आपल्या कानात आत, गोगलगाईच्या शंखासारख्या भागात, सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात. एका कानात साधारण १५ हजार. आवाज मेंदूपर्यंत पोचवण्याचं काम त्यांचं. मोठ्या आवाजाच्या माऱ्यानं त्या मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. डोक्यावरचे केस कापले तर वाढतात. हे नाही!

आवाज मोजायचं माप डेसिबल. आपलं साधं बोलणं साधारण ६० डेसिबलचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ३ डेसिबलनी वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मी करायची. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला फक्त ५ तास! आणि मुलांसाठी तर हा हिशेब ८० नाही, ७५ पासूनच सुरू होतो. याच संघटनेनं २०२२ मध्ये सांगितलं होतं, की मोठ्या आवाजात बराच वेळ संगीत ऐकण्यामुळे जगातल्या १२ ते ३५ वयाच्या १०० कोटींहून जास्त लोकांच्या कानांना धोका आहे. त्या १०० कोटींत मी होतेच. तुम्हीही असाल.

इथे एक गंमत बघा, म्हणजे पेच बघा. गोंगाटात ओपन-बॅक लावला तर माणूस गोंगाटावर मात करायला आवाज वाढवतो. अशा ठिकाणी क्लोज्ड-बॅकच कानाला बरा, कारण बाहेरचा गलका अडल्यामुळे हळू आवाजातही गाणं नीट लागतं. माझी एक मैत्रीण रोज लोकलनं ठाण्याला कॉलेजला जाई. तिनं ओपन-बॅक घेतला असता तर अर्धा डबा तिचं गाणं ऐकत बसला असता आणि तिला मात्र नुसता गाडीचा खडखडाट! तिनं क्लोज्ड घेतला ते अगदी योग्य केलं. फक्त रस्ता आणि रूळ ओलांडताना तो काढून बॅगेत ठेवायचा, एवढं तिनं पाळलं.

माझं तसं नव्हतं. मी ऐकणार घरात आणि घरात आजी होती.

"पण ताई, हल्ली बाहेरचा आवाज आत घेणारे हेडफोन मिळतात ना?" असं तुमच्यातलं कुणीतरी नक्की विचारेल. मिळतात. त्यांच्यावर छोटे मायक्रोफोन असतात, बटण दाबलं की बाहेरचं बोलणं कानात ऐकू येतं. चांगली सोय आहे. पण ते बटण आठवणीनं दाबावं लागतं, चार्जिंग संपलेलं चालत नाही, आणि मला तारेचाच, साधा, गाण्याला प्रामाणिक हेडफोन हवा होता. जाळीला बटण लागत नाही.

आणि ही कल्पनाही किती जुनी! १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला, त्याला हेडफोन लावायला दोन जागा होत्या आणि एक नारिंगी बटणही होतं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या मायक्रोफोनमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी तो वॉकमन घरी नेऊन ऐकला, तेव्हा आपल्याला वेगळं पाडल्यासारखं वाटून त्यांची पत्नी नाराज झाली होती म्हणे. वाचलं तेव्हा मला एकदम आजीचं "मला वाटलं, तू बाहेर गेलीस" आठवलं. मी घरातच होते. तरी बाहेर गेलेलीच होते, नाही का?

पुढच्या आठवड्यात मामाबरोबर मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेले. दुकानात दोन-तीन ओपन-बॅक लावून पाहिले आणि हिरमुसलेच. सगळे बारीक, कोरडे वाटले. मामा हसून म्हणाला, "बाजारात तंबोरा जुळवशील का? इथं गलका केवढा आहे. घरी ऐकलेला आठव." त्यानं आणखी एक गोष्ट तपासायला लावली. खोक्यावर 'ओहम'चा आकडा असतो. तो ३२च्या आसपास असला तर हेडफोन मोबाइलवर सहसा नीट वाजतो. स्टुडिओसाठी बनवलेले काही २५० ओहमचे असतात. ते नुसत्या मोबाइलवर मिणमिणतात, त्यांना वेगळा ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो. म्हणजे पुन्हा खर्च! गाद्या कापडी आहेत का आणि त्या बदलता येतात का, तेही पाहिलं. आमच्या दमट हवेत रेक्झिनचे कपटे मला पुन्हा नको होते.

शेवटी एक ओपन-बॅक घेतला. कुठला ते मुद्दामच सांगत नाही, नाहीतर जाहिरात व्हायची. साडेसात हजार गेले, हजार उरले. त्यातून स्वयंपाकघरात मोरीपाशी घालायला न घसरणारं रबरी पायपुसणं आणलं. ते आजीला हेडफोनपेक्षा जास्त आवडलं!

आता घरात माझे नियम आहेत. आवाज शांत वेळी लावायचा आणि मग रिक्षा जावो की पाऊस कोसळो, वाढवायचा नाही. फारच गलका झाला तर गाणं थांबवायचं. आणि धाकटा अभ्यासाला बसला की हेडफोन खुंटीला. रात्री ऐकणं त्यामुळे जवळजवळ बंदच झालं. याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. डग्ग्याचा तो छातीत उतरणारा घुमाराही अधूनमधून आठवतो. सगळं कुठल्याच हेडफोनमध्ये मिळत नाही.

पण एक गोष्ट अशी मिळाली, जी वहीच्या कुठल्याच रकान्यात नव्हती. आजीच्या हाताला अजून प्लॅस्टर होतं तेव्हाची दुपार. ती खुर्चीत डोळे मिटून, मी तिच्या पायाशी जमिनीवर. माझ्या कानावर पंडित भीमसेन जोशींचं एक जुनं ध्वनिमुद्रण. जाळीतून गळणारा आवाज तो केवढा! डासाच्या गुणगुणण्याएवढा. आजी डोळे न उघडता म्हणाली, "भीमसेन ना गं?"

मी थक्क! हेडफोन काढून तिच्या कानावर ठेवला. ती ऐकत राहिली, डाव्या हातानं मांडीवर ताल धरून. मग सांगू लागली. गिरगावात त्यांच्या चाळीत मजल्यावर एकच रेडिओ होता. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' लागली की सगळा मजला त्या दारापाशी जमायचा. पायरीवर, गॅलरीत, कठड्यावर. गाणं एकाचं नव्हतंच कधी. "आणि आई हाक मारायची ना, तीही ऐकू यायची," आजी म्हणाली, "आम्ही न ऐकल्यासारखं करायचो, ते वेगळं!"

तर मित्रमैत्रिणींनो, तुम्ही हेडफोन घ्यायला निघालात तर दुकानात जायच्या आधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. मी कुठे ऐकणार? आणि ऐकताना माझ्या आसपास कोण असणार? लोकलमध्ये, बसमध्ये, वाचनालयात, गाणं ध्वनिमुद्रित करताना, किंवा एकाच खोलीत कुणी झोपलंय, अभ्यास करतंय, तर भिंत घ्या, आणि आवाज हळू ठेवा. शांत घरात ऐकणार असाल, घरात कुणाची हाक येण्यासारखी असेल, तर खिडकी घ्या, आणि आवाज त्याहूनही हळू ठेवा. आणि हो, आमच्यासारखा हाकांचा प्रयोग घरी जरूर करून बघा. दहापैकी किती हाका ऐकू आल्या, ते मला पत्रानं कळवाल ना?

बाकी काय? लिहिता लिहिता आतून आजीची हाक आली. पहिलीच. ऐकू आली. उठते!